डोंगर जुलैतच का सुटतो?

भोसरीहून नाशिक रस्त्याने चाकणकडे जाताना मोशीच्या आसपास खडी आणि क्रशसँड वाहणारे डंपर तुम्ही पाहिले असतील. त्यातला एखादा रिकामा होताना जरा लांब उभे राहून पाहा. मागचा फाळका उघडतो आणि हौदा पुढून हळूहळू वर उचलला जाऊ लागतो. दहा अंश, वीस अंश... माल जागचा हलत नाही. वाटते, आता हा चिकटूनच बसला. आणि मग एका क्षणी, हौदा केवळ अंशभर अधिक वर गेला असेल-नसेल, सगळा माल एकदम सुटतो. थोडा थोडा नव्हे, सगळा. खाली त्याचा जो ढीग होतो त्याच्या कडेचा उतारही दर वेळी जवळजवळ तेवढाच असतो. कोरड्या क्रशसँडचा असेल तर पस्तीस अंशांच्या आसपास.

हा डंपर डोळ्यांपुढे ठेवा. आपल्याला त्याच्याबरोबर थोडे लांब जायचे आहे.

चाकणहून राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे असे सुमारे पाऊणशे किलोमीटर गेले की आंबेगाव तालुक्याच्या डोंगराळ भागात माळीण लागते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी या गावावर मागचा डोंगर सुटून आला. सकाळच्या फेरीवरच्या एसटी चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळली. १५१ माणसे गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कित्येक दिवस तो चिखल उपसत होते. या दलाची पाचवी बटालियन आज आपल्याच पट्ट्यात, सुदुंबऱ्याला असते.

आता काही तारखा पाहा. जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात महाड तालुक्यात दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली. तेथे २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे मिळालीच नाहीत. केरळातील वायनाडची दुर्घटना ३० जुलै २०२४ ची, म्हणजे माळीणचीच तारीख. अपवाद आहेत, नाही असे नाही. पण इतक्या मोठ्या दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धात याव्यात, यात काही शास्त्र असलेच पाहिजे. पाऊस तर जूनमध्येही कोसळतो. मग जूनमध्ये डोंगर का थांबतो?

माळीणनंतरच्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात एका मुलाने मला असाच प्रश्न विचारला होता. तो चाकणला मामाकडे राहून शिकत होता. घर पश्चिम आंबेगावात, डोंगराच्या पोटाशी. "सर, पावसाने डोंगर का घसरतो?"

मी खडू न उचलताच सांगून टाकले, "अरे, पाणी पिऊन माती जड होते. जड झाली की घसरते."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "पण सर, तुम्ही परवाच शिकवलंत, उतरणीवरच्या ठोकळ्याचं वजन समीकरणातून निघून जातं."

मुलाचे बरोबर होते आणि माझे चूक. त्या दिवशी मी वर्गात तसे कबूल केले, आणि खरे उत्तर देण्यासाठी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

वजन कुठे जाते?

मुलाचा मुद्दा आधी नीट समजून घेऊ. उतरणीवर ठोकळा ठेवला की त्याच्या वजनाचे दोन वाटे पडतात. एक वाटा उतरणीच्या दिशेने ठोकळ्याला खाली ओढतो. तो वजन गुणिले कोनाचा साईन. दुसरा वाटा ठोकळ्याला उतरणीवर दाबून धरतो. तो वजन गुणिले कोसाईन. घर्षण किती मिळणार हे या दाबून धरणाऱ्या वाट्यावर अवलंबून. ओढ आणि घर्षण यांची बरोबरी झाली की ठोकळा सुटायच्या बेतात येतो, आणि ती बरोबरी मांडताना वजन दोन्ही बाजूंनी कटते. उरतो फक्त कोनाचा टॅन आणि त्याच्यासमोर घर्षणांक. म्हणून अर्धा भरलेला डंपर आणि काठोकाठ भरलेला डंपर साधारण एकाच कोनाला रिकामा होतो. माती भिजून जड झाली तर ओढ वाढेल, पण दाबून धरणारा वाटाही त्याच प्रमाणात वाढेल. नुसत्या जडपणाने डोंगर सुटणार नाही.

मग पाणी करते काय? यासाठी एक प्रयोग करा. स्वयंपाकघरातली गुळगुळीत काठाची स्टीलची लहान वाटी घ्या आणि पाच-दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवा. एक काच किंवा गुळगुळीत थाळी पाण्याने ओली करून तिच्यावर ही गार वाटी पालथी घाला. थाळीची एक कड पुस्तकावर ठेवून थोडीशी उचला. इतकीच, की वाटी जागची हलणार नाही. आता गरम पाण्यात पिळलेले फडके वाटीवर अलगद धरा आणि काढून घ्या. वाटी कोणी न ढकलता सुळकन खाली जाते. पहिल्या खेपेला जमले नाही तर कड पुन्हा ओली करा. काठाखाली पाण्याची अखंड फीत असली पाहिजे.

विचार करा. वाटीचे वजन वाढले नाही. थाळीचा उतार वाढला नाही. थाळी पहिल्यापासूनच ओली होती, तेव्हा निसरडेपणाही तोच. बदलले ते एवढेच की आत कोंडलेली हवा तापली, तिचा दाब वाढला आणि तिने वाटीचे थोडे वजन स्वतःच्या डोक्यावर घेतले. थाळीवर वाटीचा भार कमी पडला, म्हणून घर्षण कमी झाले. खाली ओढणारा वाटा मात्र जेवढ्यास तेवढाच राहिला. किती दाब लागतो याचाही हिशेब करून पाहा. वाटी १०० ग्रॅमची आणि तोंड आठ सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर ती पूर्ण उचलून धरायला हवेच्या दाबात पाचशेव्या हिश्श्याएवढी वाढ पुरते. त्यासाठी आतली हवा साधारण अर्धा अंश तापली तरी झाले! (घरी उलट्या घातलेल्या ओल्या पेल्याने ओट्यावरून आपोआप सरकत जाऊन आजीला घाबरवल्याची गोष्ट तुमच्या घरीही असेल. तिथे भूत नव्हते, हवा होती.)

असाच प्रयोग हबर्ट आणि रुबी या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये रिकाम्या डब्यावर मांडला होता. कित्येक मैल लांबीचे खडकाचे थर इतक्या मंद उतारावरून सरकतात कसे, हे त्यांना दाखवायचे होते. डोंगरात हवेच्या जागी पाणी असते. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने पुऱ्या भरल्या की ते पाणी वरच्या मातीचा काही भार स्वतः पेलू लागते. कणाकणांमधला दाब तेवढा ढिला होतो, आणि घर्षण तर कणांच्याच दाबावर चालते. कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात ही गोष्ट स्पष्ट केली आणि मृदायामिकी हे शास्त्रच त्यातून उभे राहिले.

आकड्यांत पाहू. उतारावर तीन मीटर जाडीचा मातीचा थर आहे. भिजून चिंब झालेली माती घनमीटरला सुमारे दोन टन भरते. म्हणजे एक चौरस मीटरवर सहा टन. थर तळापासून वरपर्यंत पाण्याने भरला असेल तर त्यातले जवळजवळ तीन टन पाणीच पेलते. घर्षण निम्मे झाले आणि ओढ पुरी सहा टनांची राहिली! कोरडा असताना जो थर ३५ अंशांच्या उतारावर टिकला असता, तो भरल्यावर १९ अंशांच्या वर टिकत नाही. पस्तीसच्या टॅनची निमपट करून कोन काढा, तुम्हालाही हाच आकडा येईल. झाडांची मुळे आणि चिकणमातीचा चिकटपणा यांच्या आधाराने खरे डोंगर याहून अधिक चढणीवर उभे राहतात. पण झाडे तोडली की मुळे काही वर्षांत जमिनीतल्या जमिनीत कुजतात, आणि तो आधार तोड झाल्यानंतर बऱ्याच काळाने, सगळे विसरल्यावर नाहीसा होतो.

जूनचे पाणी

आता आपल्या सह्याद्रीकडे या. तळाशी काळा कातळ, लाव्हाच्या थरांवर थर. त्यावर कातळ कुजून झालेला मुरूम, आणि वर माती. मुरमातून पाणी झरझर उतरते, कातळाशी येऊन अडते. काही ठिकाणी दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबडा मातकट थर असतो. तोही पाण्याला वाट देत नाही. मग पाणी तेथे साठते आणि तळाकडून वर चढू लागते. बाहेरून काही दिसत नाही. डोंगर हिरवागार दिसतो, धबधबे सुरू होतात, सहलीच्या गाड्या येतात.

उन्हाळ्यात हाच मुरूम कोरडा ठणठणीत असतो. जूनचा पहिला पाऊस तो पिऊन टाकतो. इतकेच नव्हे, थोड्या ओलीने माती उलट घट्ट होते. डंपरवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे: किंचित ओलसर क्रशसँड हौद्याला धरून बसते आणि हौदा पुरा उचलून धक्के द्यावे लागतात. वाळूचा किल्ला ओल्या वाळूचाच होतो, नाही का? कणांच्या बेचक्यात अडकलेले पाण्याचे थेंब पृष्ठताणाने कणांना एकमेकांकडे ओढतात. पण फटी पूर्ण भरल्या की थेंब उरत नाहीत, पृष्ठताण उरत नाही, आणि तेच पाणी धरणारे होते ते उचलणारे होते. जून महिना हा असा दुहेरी असतो. वर डोंगर सावरलेला दिसतो आणि आत भरणा चालू असतो. जुलैत घाटमाथ्यावर सर्वांत अधिक पाऊस पडतो, आणि तो पडतो तो आधीच भरत आलेल्या डोंगरावर.

हिमालयात याचा एक भाऊबंद आहे. आपल्याकडची कितीतरी मुले हल्ली गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणाला तिकडे जातात, म्हणून तोही सांगतो. तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडणारे पहिले बर्फ पातळ असते. त्याच्या खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वर हवा, समजा, उणे वीस अंश. अर्धा मीटर जाडीत वीस अंशांचा फरक! थर दोन मीटर जाड असता तर हाच फरक चारपट अंतरावर वाटला गेला असता. पातळ थरातल्या या तीव्र फरकामुळे खालच्या बर्फाची वाफ होऊन ती वर जाते, पुन्हा गोठते, आणि तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण तयार होतात. डिसेंबर-जानेवारीचे जड बर्फ या साखरेवर येऊन बसते. म्हणजे सुरुवातीला बर्फ कमी पडले म्हणून धोका कमी, हा समज साफ चुकीचा. सुरुवातीचा अशक्त थर महिनोन् महिने खाली दबा धरून राहू शकतो.

म्हणून तेथले जाणकार उतारावर पाऊल टाकण्याआधी बर्फात जमिनीपर्यंत खड्डा खणतात, थर मोजतात. तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा कापतात, त्यावर फावडे ठेवून दहा थापा नुसत्या मनगटातून, दहा कोपरातून आणि दहा खांद्यापासून मारतात. कितव्या थापेला, कोणत्या थरावर खांब सरकतो, ते वहीत लिहितात. पहिल्या पाच-सात थापांतच सरकला तर आल्या वाटेने मागे फिरतात. ही शिस्त का लागते, ते ४ ऑक्टोबर २०२२ रोजी कळले. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर चढत असताना हिमस्खलन झाले आणि पंचविसांहून अधिक जण गेले. उतार ठरलेला, मार्ग ठरलेला, माणसे अनुभवी, तरीही.

उताराचे खाते

मुरमाचा खांब कापून त्यावर थापा मारता येत नाहीत. मग आपल्या डोंगराची परीक्षा कशी घ्यायची? एक सोपा उपाय म्हणजे पाण्याचे खाते लिहिणे.

डोंगराला बँकेतले खाते समजा. रोजचा पाऊस ही जमा. झरे, ओढे आणि बाष्पीभवन हा खर्च. शिल्लक पाण्यापैकी रोज दहावा हिस्सा निघून जातो असे धरू. (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, डोंगराप्रमाणे तो बदलतो.) म्हणजे आजची शिल्लक म्हणजे कालच्या शिल्लकेचे नऊ दशांश अधिक आजचा पाऊस. १० जूनला कोरड्या डोंगरावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर शिल्लक २००. आता दुसरे उदाहरण घ्या. महिनाभर रोज ५० मिलिमीटर पाऊस पडत राहिला. गणकयंत्रावर तीस वेळा तीच क्रिया करा. शिल्लक सुमारे ४८० येईल. दुसऱ्या दिवशी तोच २०० मिलिमीटरचा पाऊस आला तर शिल्लक सुमारे ६३०! बातम्यांत दोन्ही दिवशी "चोवीस तासांत २०० मिलिमीटर" एवढेच येईल. डोंगराच्या दृष्टीने मात्र हे दोन दिवस अगदी निराळे आहेत.

ही पोरखेळाची कल्पना नव्हे. हाँगकाँगमध्ये पावसाच्या मोजमापावरून दरडींचा इशारा देण्याची व्यवस्था १९७७ पासून आहे. जपानमध्ये जमिनीत किती पाणी साठले आहे याचा अंदाज एकाखाली एक ठेवलेल्या तीन गळक्या टाक्यांचे गणित मांडून करतात. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दरडप्रवण भागांचे नकाशे केले आहेत आणि ते उपयोगी आहेत. परंतु नकाशात व यादीत सगळे येत नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

खात्याबरोबर डोळेही उघडे हवेत. डोंगराच्या वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी नवी भेग दिसली, विजेचा खांब किंवा झाड अलीकडेच कलले, काल नीट लागणारे दार आज चौकटीत अडकू लागले, नितळ झरा अचानक गढूळ झाला, नवीनच ठिकाणी पाणी फुटले, तर ती लक्षणे गंभीर समजावीत. भर पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले तर त्याहून गंभीर. वर कुठेतरी माती सरकून वाट अडली असण्याचा संभव असतो. अशा वेळी रात्र काढून सकाळी पाहू म्हणू नये. घरच्यांना, सरपंचांना, तलाठ्यांना लगेच सांगावे आणि उताराच्या वाटेतून बाजूला व्हावे. उताराच्या दिशेने खाली पळू नये. उताराच्या पायाशी घरासाठी किंवा रस्त्यासाठी माती कापली असेल तर या सगळ्या लक्षणांचे वजन दुप्पट धरा. माळीणनंतर शेत पाडण्यासाठी यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावर पुष्कळ वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. पण उताराचा पाया कापणे म्हणजे डंपरचा फाळका उघडणे, एवढे आपण दोघेही सांगू शकतो.

शहरातल्यांनी निर्धास्त राहावे असेही नाही. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका संकुलाची भिंत बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण दगावले. मातीला टेकून उभ्या केलेल्या कोणत्याही भिंतीमागे पावसात पाणी साठते आणि त्याचा दाब भिंतीवर येतो. म्हणून अशा भिंतींमध्ये ठरावीक अंतराने भोके ठेवतात. द्रुतगती मार्गाने जाताना घाटात ती पाहा; पावसाळ्यात त्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या असतात, आणि तसे असणेच चांगले. तुमच्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या अशा भिंतीची भोके कोणी "घाण पाणी गळते" म्हणून सिमेंटने बुजवली नाहीत ना, हे एकदा फिरून बघा.

पाऊस मोजायला उभ्या सरळ भिंतींची कोणतीही बरणी चालते. मात्र ती झाडापासून आणि छपराच्या पागोळीपासून दूर ठेवा, रोज ठरलेल्या वेळी पट्टीने उंची मोजा आणि ओतून टाका. खाते १ जूनपासून लिहा. जुलैत जागे होऊन सुरू केलेल्या खात्यात नेमकी महत्त्वाची जमा गहाळ असते. आणि बरणी डोंगराजवळच हवी. घाटमाथ्यापासून पूर्वेला पाऊस फार झपाट्याने कमी होतो, तेव्हा चिंचवडच्या गच्चीवरची बरणी भीमाशंकरकडच्या उताराचे खाते सांगणार नाही.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला ही अडचण पहिल्याच दिवशी कळली होती. तो राहत होता चाकणला आणि डोंगर होता गावाकडे. पुढच्या उन्हाळ्यात त्याने एक बरणी आणि सहा इंची पट्टी आजीच्या अंगणात नेऊन ठेवली. आजीला अक्षरओळख नव्हती, पण पट्टीवरच्या रेघा मोजता येत होत्या. पावसाळाभर रोज सकाळी सातला ती शेजाऱ्याच्या मोबाइलवरून नातवाला रेघा सांगायची आणि तो चाकणला वहीत उतरवून घ्यायचा.